पेला वाढला

मंगळवारी पुण्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीसमोर धरला आणि माझ्या बायकोला तळेगावच्या सॅनिटोरियममध्ये न्यायला सांगितलं. आम्ही गाडीने चिंचवडला परतलो. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली नाही. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत काचेचा पेला होता, त्यात माझ्याकडून पाणी ओतून घेतलं आणि प्यायली. पेला पुन्हा खिडकीत ठेवून म्हणाली, "आता हा माझा."

या पेल्याची हकिगत आधी सांगायला हवी, कारण पुढचं बरंचसं त्याच्याभोवती घडलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती पहिली काही वर्षं. मी चिंचवडला शाळेत मराठी शिकवत होतो. आम्ही मूळचे वाईकडचे. इथे जवळचं कुणी नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि माझी आई. पिंपरीच्या माळावर औषधाच्या कारखान्याची बोलणी नुकती कानावर यायला लागली होती, बाकी सगळीकडे बाजरीची शेतं. करमणूक म्हणजे सुट्टीच्या दिवशी गाडीत बसून देहूरोडला जाणं. तिथल्या छावणीतले गोरे साहेब निघून गेले होते आणि त्यांनी मागे टाकलेलं सामान बाजारात अजून थोडं थोडं येत होतं. वेताच्या खुर्च्या, घोड्यांची खोगिरं, चामडी पेट्या. आणि साहेबांच्या मेसमधले पेले.

हे सामान विकणारे एक म्हातारे मुसलमान दुकानदार होते. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. वंशावळ सांगितल्याशिवाय त्यांच्या दुकानातली साधी कडीही बाहेर पडत नसे.

"मास्तर, हा पेला खास. पेशव्यांचा."

"मागच्या खेपेला हाच नवाबाचा होता, चाचा."

"नवाबानंच दिला की पेशव्यांना."

"मग पेशवे यातून काय प्यायचे?"

"दूध, मास्तर. तुमच्यासारखेच होते ना ते."

बायको माझ्यामागे पदर तोंडाशी धरून हसत होती. हसणं आवरल्यावर तिने चाचांच्या हातातून पेला घेतला. बुटक्या पायाचा, हाताला जड, काठाशी किंचित वाकडा. तिने पायाला धरून काठावर नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. तंबोऱ्याची तार सोडल्यावर खोलीत मागे काहीतरी उरतं, तसा तो आवाज बराच वेळ उरला. दुकानाबाहेर टांग्याचा घोडा खिंकाळला, तरी तो ऐकू येत होता.

"घेऊ या," ती म्हणाली. "पेशव्यांचा नसला तरी."

माझी सवय अशी की घरात एखादी वस्तू आली की तिच्याबद्दल वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुण्याच्या वाचनालयात काचेवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते तिथेच बसून वाचायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तिला सांगायचं, असा माझा बरेच दिवस क्रम होता. ती भाजी निवडत ऐकायची. काच माणसाला फार आधीपासून ठाऊक होती, पण ती ओतून किंवा कोरून घडवत. त्यामुळे काचेचा पेला राजाच्याच घरी असायचा. मग दोनेक हजार वर्षांपूर्वी सिरियाच्या किनाऱ्याकडे कुणाला तरी युक्ती सुचली की लोखंडाच्या नळीच्या टोकाला वितळलेला गोळा घ्यावा आणि दुसऱ्या टोकातून फुंकावं. तेव्हापासून साध्या माणसाच्याही हातात काचेचा पेला आला. पुढे इंग्रजांनी काचेत शिसं मिसळलं. तिला जडपणा आणि नाद आला तो त्यामुळे.

"म्हणजे याच्या आत जी पोकळी आहे," ती मध्येच म्हणाली, "ती कुणाच्या तरी छातीतली हवा आहे."

हे पुस्तकात नव्हतं.

फुंकलेला पेला नळीवरून सोडवताना त्याच्या तळाला दुसरी सळई चिकटवतात. काम झालं की ती मोडून घेतात आणि तळाशी खरखरीत खूण राहते. साच्यात दाबून काढलेल्या पेल्याला अशी खूण नसते. त्याच्या अंगावर साच्याच्या जोडाची रेघ असते. मी हे सांगितल्यावर तिने पेला उलटा करून बोट फिरवलं. खूण होती.

"बेंबी आहे," ती म्हणाली. "हा जन्मलेला आहे."

त्यानंतर कुणाच्याही घरी, हॉटेलात, कुठेही काचेचा पेला समोर आला की ती हळूच तळाखाली बोट घालून बघायची आणि मान हलवून मला खुणेने सांगायची. बहुतेक वेळा, बेंबी नाही.

आपल्याकडे जमिनीत खणलं की काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे सापडतात. बायकांनी कितीतरी शतकं काच हातात भरली. पण काचेतून कुणी पाणी प्यायलं नाही. पेला हा शब्दसुद्धा फारसीतला प्याला, बाहेरून आलेला. आणि बाहेरून आला तो घराच्या बाहेरच्या भागातच राहिला. आमच्या आईचं म्हणणं स्पष्ट होतं. "पितळ चिंचेने घासलं की शुद्ध होतं. काच कशाने शुद्ध करणार?" तेव्हा पेला स्वयंपाकघरात यायचा नाही. तो बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ठेवायचा आणि ज्यांना घरातलं भांडं द्यायचं नाही त्यांना त्यातून चहा द्यायचा. हा नियम आमच्याच घरचा होता असं नाही. पुष्कळ घरांच्या ओटीवर असा एक पेला किंवा दांडी मोडलेला एक कप असायचाच.

चाचा चिंचवडला कामाला आले की आमच्याकडे डोकावायचे. आई आतून चहा पाठवायची आणि बायको तो त्या पेल्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवायची. तिला ते आवडायचं नाही, पण आईपुढे ती बोलत नसे. मीही बोललो नाही. एकदा चाचांनी पेला उजेडाकडे धरला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी मला नेहमी नवाबाचाच पेला मिळतो. बाकी तुम्ही सगळे बिचारे पितळेत पिता."

बायको आत निघून गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "त्यांना सगळं कळतं हो."

आणि त्या मंगळवारी तिने तोच पेला उचलला. ती कुणाला काही बोलून दाखवत नव्हती. भांडं वेगळं ठेवायचं, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरात वेगळं भांडं म्हणून एकच होतं. आई दारात उभी राहून बघत होती. "अगं, फुलपात्र घे ना घरातलं," ती म्हणाली. "मी टाकून देईन मग ते. घे तू." बायको म्हणाली, "नको. हाच बरा आहे." आई आत जाऊन देवासमोर बसली. मी खुर्चीवर बसलो. आम्हा तिघांपैकी कुणालाच पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.

सॅनिटोरियममधल्या डॉक्टरांना मात्र पेला पसंत पडला. "काच चांगली," ते म्हणाले. "उकळता येते, आणि स्वच्छ आहे की नाही ते दिसतं." आईचं शास्त्र आणि डॉक्टरांचं शास्त्र असं एकमेकांच्या बरोबर उलट होतं. बायकोला मात्र दोन्हींनी बाहेरच्याच खोलीत ठेवलं.

तिथे लांब व्हरांडा होता, त्यात ओळीने खाटा. हवा आणि दूध, हेच औषध समजायचे. इंजेक्शनंही चालू होती. माझ्या हातात काही नव्हतं. रविवारी तळेगावच्या गाडीत बसायचं, टांग्याने जायचं, खाटेपासून थोडं दूर स्टूल ओढून बसायचं. विचारायला एकच प्रश्न होता: दूध किती गेलं? सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक, एवढं तिला घ्यायला सांगितलं होतं. सुरुवातीला ती दोन्ही संपवायची. मग संध्याकाळचा अर्धा राहू लागला. मी दर खेपेला पेल्यावर बोट ठेवून विचारायचो, "इथपर्यंत?" ती त्याच्या खाली बोट ठेवायची. मी आठवडाभर शाळेत शिकवायचो आणि ते बोट माझ्या डोळ्यांपुढे असायचं. ते वर सरकलं तर ती घरी येणार होती. मी बाकी कशाचा विचार करत नव्हतो.

पिंपरीच्या कारखान्याच्या भिंती तोवर उभ्या राहत होत्या. शेजारी म्हणायचे, "मास्तर, एवढा औषधाचा कारखाना दारात येतोय, आणि तुम्ही वहिनींना तळेगावला कशाला ठेवलंय?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो की तिथे निघणार ते औषध वेगळं, या दुखण्यावर ते चालत नाही. पुढे पुढे नुसतं "हो ना" म्हणायला लागलो. गाडी त्या बांधकामाजवळून जायची तेव्हा मीही खिडकीतून तिकडे बघायचो. नाही म्हटलं तरी बघायचोच.

एकदा तिने पेला दोन्ही हातांनी धरून मला विचारलं, "एवढा फुगवायला केवढा दम लागत असेल हो?"

"सवयीचं काम असतं," मी म्हणालो.

"हो. दम हा सवयीचाच भाग आहे," ती म्हणाली, आणि थोडा वेळ थांबून श्वास घेतला.

सॅनिटोरियमची एक आया चिंचवडजवळच्या वाडीतली होती. सुट्टीला घरी आली की ती शाळेच्या फाटकाशी थांबून मला खुशाली सांगायची. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. पोरांचा गलका चालू होता.

"मास्तर, बाईंचा सांगावा हाय."

"काय म्हणाल्या?"

"पेला वाढला म्हनून सांगा म्हनल्या."

"वाढला?"

"व्हय. परवा सकाळच्याला. दुधाच्या टायमाला."

मी मनातल्या मनात मोजलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि आता आणखी एक. "मी वाटच बघत होतो याची," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आवो, कवा ना कवा वाढायचाच की, मास्तर. मनाला लावून घिऊ नगा."

"मनाला कशाला लावून घेऊ? पेढे वाटायला पाहिजेत!"

"पेढं?" ती म्हणाली. मग पदर सारखा करून, "शिकल्याली मानसं," असं काहीतरी पुटपुटत ती वाडीच्या वाटेला लागली.

आईला मी माझ्या शब्दांत सांगितलं, ती जास्त दूध प्यायला लागली म्हणून. आईने देवापुढे साखर ठेवली. शनिवारी सकाळची शाळा संपवून मी देहूरोडला गेलो. आमच्या पेल्याला जोड म्हणून शोभेल असा दुसरा चाचांकडे होता, हे मला माहीत होतं. आम्ही कधीतरी नेऊ म्हणून त्यांनी तो मागे ठेवला होता.

"भाभींची तब्येत?" त्यांनी विचारलं.

"दूध वाढलंय, चाचा. एक पेला वाढलाय."

"या खुदा. मग हा न्याच." त्यांनी फडताळातून पेला काढला, फुंकून धूळ उडवली, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"हा कुणाचा? पेशव्यांचा की नवाबाचा?"

चाचांनी जरा विचार केला. "हा भाभींचा," ते म्हणाले.

रविवारी मी तो पंच्यात गुंडाळून तळेगावला नेला. गाडीत मांडीवर धरून बसलो होतो. व्हरांड्यात पोचलो तर तिच्या उशाशी जर्मनचा मग होता, ॲल्युमिनियमचा, सगळ्यांना देतात तसला. मी पेला कुठे असेल म्हणून इकडे तिकडे पाहिलं, आणि गाठ सोडून नवा पेला तिच्यापुढे धरला.

"हा कशाला?" ती म्हणाली.

"आता दोन लागतील ना. आयाने सांगितलं मला, वाढला म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू तिला उमगत गेलं, आणि ती हसायला लागली. तिथे गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. हसता हसता खोकला आला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी पाणी पुढे केलं. खोकला थांबला, डोळे पुसले, आणि पुन्हा थोडं हसली.

"अहो, वाढला म्हणजे वाढला," ती म्हणाली. "मराठी शिकवता ना तुम्ही?"

तेव्हा मला कळलं.

बांगडी फुटली असं आपल्या बायका म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. मोडण्या-फुटण्याचा शब्द सवाष्णीच्या हाताजवळ येऊ द्यायचा नाही, म्हणून उलटा शब्द वापरायचा. हे मी लहानपणापासून आईच्या तोंडी ऐकलं होतं. मी स्वतः फळ्यावर लिहून मुलांना समजावलं होतं. पण बांगडीपुरतं. पेला वाढतो, हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्या वाडीच्या बाईच्या लेखी मात्र पेला काचेचा होता, तो सवाष्णीच्या हातून गेला होता, आणि ती सवाष्ण खाटेवर पडलेली होती. दुसरा कुठला शब्द ती वापरणार?

"मीच तिला म्हटलं, फुटला म्हणून सांग," बायको म्हणाली. "ती म्हणाली, मी न्हाई बाई तसलं बोलायची."

"हातातून सुटला?"

तिने हात वर उचलला. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरल्या. मी त्या हाताकडे बघितलं. दर रविवारी मी पेल्यावरचं तिचं बोट बघत आलो होतो. हात बघितला नव्हता.

उशीखालून तिने एक चिंधी काढली. बाकीचे तुकडे झाडून नेले होते, पण पाय आणि तळ अखंड होता. "बेंबी राहिलीय," ती म्हणाली. "घेऊन जा घरी. इथे कुणाला तरी लागेल."

जाताना मी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी मला बसायला सांगितलं. इंजेक्शनांचा आता उपयोग होत नव्हता. दुसरं काही आहे का, असं मी विचारलं. जे आहे ते देतोय, असं ते म्हणाले. आया काय बोलली ते मला त्याच दिवशी कळलं असतं तर काही करता आलं असतं का, तेही मी विचारलं. ते म्हणाले, "काय केलं असतंत तुम्ही?" त्यांनी टोचून विचारलं नव्हतं. रविवारपर्यंतचे ते दिवस मी आनंदात होतो एवढंच. ते दिवस माझ्याकडे चुकून आले होते.

त्यानंतर मी मिळेल तेव्हा जात राहिलो. नवा पेला तिला उचलवत नव्हता. मी तो तिच्या ओठांशी धरायचो, चमच्याएवढं दूध आत जायचं. तिने त्याच्याही तळाखाली बोट घालून पाहिलं होतं. तिथे गुळगुळीत खळगा होता.

"याला नाही," ती म्हणाली.

"आहे. घासून काढलीय. महागाच्या पेल्यांची घासतात."

"कशाला घासायची?" ती म्हणाली. काठावर टिचकी मारायला तिने नख लावलं, पण आवाज येण्याइतका जोर लागला नाही. मग मी मारली. ती डोळे मिटून आवाज संपेपर्यंत ऐकत राहिली, आणि मी पेला हलू नये म्हणून हात ताठ धरून उभा होतो.

ज्येष्ठात ती गेली. सवाष्ण गेली म्हणून कासाराकडून हिरव्या बांगड्या आणल्या. त्या हातात राहत नव्हत्या, म्हणून आईने मनगटाला दोरा बांधून त्या अडकवल्या. एकही वाढली नाही.

अंथरूण, पांघरूण, लुगडी, तिची पुस्तकं, सगळं तिथे जाळलं. पेला उकळून मला परत दिला. काचेचा होता म्हणून.

काही दिवसांनी चाचा आले. टोपी काढून खाली सतरंजीवर बसले. आईने चहा केला. तो कशात द्यायचा, हे बघायला ती बाहेर आली. खिडकीत पेला होता. आई त्याच्यासमोर थांबली, परत आत गेली, आणि देवघराशेजारच्या फळीवरचं कल्हई केलेलं फुलपात्र घेऊन आली. चहा तिने स्वतःच्या हाताने त्यांच्यापुढे ठेवला. चाचांनी खिडकीकडे पाहिलं, फुलपात्राकडे पाहिलं. पितळ चांगलंच तापलं होतं. खिशातला रुमाल काढून त्यांनी ते त्यात धरलं आणि फुंकर घालत घालत सगळा चहा संपवला. आईने नंतर ते फुलपात्र घासून फळीवर ठेवलं. त्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. चाचा पुढे आले तेव्हाही चहा त्यातच मिळाला.

आता आई नाही, चाचाही नाहीत. पेला खिडकीतच आहे. जुन्या काचेत एक द्रव्य असतं, ते वर्षानुवर्षं ऊन लागून जांभळट होतं, असं त्या पुस्तकात होतं. तसा तो किंचित झाला आहे. पहिल्याचा तळ चिंधीत गुंडाळून कपाटात ठेवलेला आहे. तो पांढराच आहे.